कागदावरचे गाल

आधीच सांगून टाकते, मला चित्रातलं काही कळत नाही. मला पत्रकातलं कळतं. इचलकरंजीला माझे वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायचे आणि मी सातवीत असल्यापासून ती तपासून द्यायची. पहिल्या ओळीत राग पाहिजे, दुसऱ्या ओळीत मागणी, आणि अक्षर असं ठळक, की सायकलवरून जाणाऱ्याला न थांबता वाचता आलं पाहिजे. फिकट छपाई म्हणजे मालकाची सोय, असं ते म्हणायचे. तेवढ्या शिदोरीवर मी कॅनडात आले. शिकायला आले, असं व्हिसावर लिहिलंय.

मी लंडनला राहते. इंग्लंडातलं नव्हे, ऑन्टारिओतलं. घरच्यांना अजून प्रत्येक लग्नात हे कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. कॉलेज संपलं, आता एका केअर होममध्ये काम करते. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, कपडे बदलायचे, भरवायचं, वॉशरूमला न्यायचं. उरलेल्या वेळात आमचा एक गट आहे, माझ्यासारख्याच पोरापोरींचा. त्याची पत्रकं मी काढते. कॉलेजांनी काय सांगून बोलावलं आणि इथे काय निघालं, पीआरचे, म्हणजे इथे कायम राहण्याचे, अर्ज कसे लोंबकळत ठेवतात, बेसमेंटच्या एका खोलीत किती जण कोंबतात. यावर मी पानंच्या पानं लिहू शकते आणि लिहितेही. आज ते नाही.

केअर होममध्ये आमच्या मजल्यावर एक ज्यू बाई आहेत. इथे म्हाताऱ्या माणसालाही सरळ नावाने हाक मारतात. माझी जीभ काही वळेना. पहिला आठवडाभर मी त्यांना कशानेच हाक मारली नाही, नुसतं खाकरायची. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुझ्या घशाला काही झालंय का?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, आमच्याकडे तुमच्या वयाच्या बाईला आजी म्हणतात.

"म्हणजे?"

"आईची नाहीतर वडिलांची आई."

"मला मूल नाही, नात कुठून उगवली?" त्यांनी हाताने पाणी चाचपलं. "बरं, म्हण. पण नातीसारखे लाड मागायचे नाहीत. आणि पाणी एवढं गरम नको."

आमचं सगळं बोलणं इंग्रजीतून व्हायचं. इथे आपल्या भाषेत लिहिते आहे.

आजींना डोळ्यांच्या मधोमध दिसत नाही, फक्त कडेनं दिसतं. म्हणजे माझं तोंड बघायचं असेल तर त्यांना माझ्या खांद्यापलीकडे बघावं लागतं. नवीन मुलींना वाटतं बाई तुसडी आहे, बोलताना नजर देत नाही. आहे तेवढं दिसणंही किती टिकेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. हे त्या, मी त्यांना मोजे चढवत असताना, सहज बोलल्यासारखं बोलल्या.

मागच्या थंडीत एका सकाळी मी त्यांचे स्वेटर लावत होते. खणाच्या तळाशी दोन पुठ्ठे रबरबँडने बांधलेले सापडले. "ते राहू दे," त्या म्हणाल्या. मग लगेच, "नाही, आण इकडे."

आत पोस्टकार्डाएवढा पिवळा कागद होता. पेन्सिलीने काढलेला एका बाईचा चेहरा. मधून घडी पडलेली, ती नाकावरून गेलेली. भांग डावीकडे, हनुवटी जराशी वर, आणि गाल भरलेले. आपल्याकडे नुकतीच बाळंत होऊन माहेरून परतलेल्या बाईचे असतात तसे.

"माझी आई," त्या म्हणाल्या. "कॅम्पमध्ये काढलंय."

कॅम्प म्हणजे नाझींनी बायकांसाठी चालवलेली छळछावणी. आजींचे आईवडील पकडले जाण्याआधी त्यांनी लेकीला एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी लपवलं होतं. तेव्हा ती इतकी लहान होती की आईचा आवाज, आईचा हात थोडा थोडा आठवतो, चेहरा अजिबात आठवत नाही. आई परत आली नाही. युद्ध संपल्यावर एक अनोळखी बाई त्या खेड्यात आली. छावणीत आजींच्या आईनं तिच्याकडून त्या गावाचं नाव पाठ करून घेतलं होतं. तिनं आपल्या झग्याची शिवण उसवली आणि हा कागद काढून दिला. दूध प्यायली आणि निघून गेली. पुढे आजी अनाथ मुलांबरोबर बोटीने कॅनडात आल्या. त्यांच्या आईचा एकही फोटो जगात कुठे नाही.

त्या अनोळखी बाईनं शेतकऱ्याच्या घरी सांगितलं ते असं: चित्र काढणारी आईच्याच बराकीतली एक कैदी होती. कुठल्या तरी शाळेत चित्रकला शिकवायची. नाव कुणालाच माहीत नाही, चित्राखाली सही नाही, कारण सही म्हणजे स्वतःला पकडून देणं. कागद ऑफिसातल्या फॉर्मचा, मागची कोरी बाजू. पेन्सिल बोटाच्या पेराएवढी, चोरलेली. दुसरी एखादी बाई दाराशी उभी राहायची, पहारेकरीण आली की खोकायची. आणि त्या चित्रकार बाईचा एक नेम होता. समोर बसलेल्या बाईला ती आधी विचारायची, "कुणासाठी?" नवऱ्यासाठी, आईसाठी, लेकरासाठी. मग विचारायची, "त्यांनी तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तू कशी होतीस?" बाई सांगेल तशी ती काढायची. बराकीत सगळ्या हाडांचे सापळे, आणि हिच्या कागदावर एकही रोड बाई नाही.

हे ऐकून एखादी शहाणी मुलगी गप्प बसली असती. मी भडकले. म्हटलं, "म्हणजे पुरावा होता हातात, आणि तिनं तो खोटा केला! जसं दिसत होतं तसं काढायला पाहिजे होतं. जगाला दाखवायला."

"जगाला?" आजी खिडकीकडे बघत, म्हणजे माझ्याकडे बघत, म्हणाल्या. "मी सहा वर्षांची होते."

त्यांनी कागद डोळ्यांपाशी नेला, डावीकडे सरकवला, वर धरला, खाली धरला. "आता मला भांग दिसतो, नाहीतर कान दिसतो. गेल्या वर्षीपर्यंत निम्मा चेहरा मिळायचा. एकदा सगळी दिसली असती, म्हणजे झालं असतं."

वाचायला मदत करणारं एक मोठ्या भिंगाचं मशीन आमच्या केअर होममध्ये आहे. ते कुलपात असतं. फॉर्म भरा, सही आणा, सोमवारी या. सोमवारी कळतं की किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या रजेवर. मी दोनदा भांडले. मग म्हटलं, गेलं खड्ड्यात तुमचं मशीन, मीच मोठं करून देते. मोठं करणं हेच तर आमचं काम.

आमच्या गटाकडे मोठा प्रिंटर नाही. आम्ही पोस्टर करतो ते असं: फोनवरच्या स्कॅनरने चित्र घ्यायचं, त्याचे सोळा तुकडे करायचे, साध्या कागदावर सोळा पानं छापायची आणि मागून टेपने जोडायची. मी आजींच्या परवानगीने फोनवर स्कॅन केलं. आमचा स्कॅनर पत्रकांसाठी लावून ठेवलेला: मागचा पिवळेपणा आपोआप पांढरा करतो, रेघा काळ्याकुट्ट करतो. छापून निघालं तेव्हा मला फार बरं वाटलं. काय ठसठशीत आलं होतं! खरं सांगायचं तर जोडता जोडता मनात आलंच, की हे आपल्या पुढच्या मोर्चाला लावलं तर काय परिणाम होईल. पूर्वी एकदा मी बेसमेंटच्या खोल्यांना पत्रकात छळछावणी म्हटलं होतं. छापलं गेलं नाही, पण लिहिलं होतं मी. ही माझी अक्कल.

दुपारी जेवणानंतर मी ते सोळा कागदांचं पोस्टर त्यांच्या कपाटाच्या दारावर लावलं आणि त्यांची खुर्ची समोर नेली. चाकांचा ब्रेक लावला. "बघा."

त्यांनी मान एका बाजूला वळवली. मग दुसऱ्या. मला म्हणाल्या, अजून जवळ ने. मी नेली.

"ही कोण?"

"तुमची आई."

"नाही."

"आजी, तेच चित्र आहे. मोठं केलंय फक्त."

"तिचे गाल कुठे गेले?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळे होते, भांग होता, जबड्याची रेघ होती, गालाच्या हाडाची रेघ होती. गाल नव्हते. त्या चित्रकार बाईनं रेघांनी चेहरा काढला होता आणि गाल मात्र नुसत्या सावलीने भरले होते, पेन्सिलीची भुकटी बोटाने घासून. ती फिकट सावली माझ्या स्कॅनरला मळ वाटली. त्याने ती पुसून पांढरी केली. उरलं ते खोबणीतले डोळे, वर आलेली हाडं आणि नाकावरून गेलेली काळी घडी.

चूक झाली, माफ करा, एवढं म्हणायचं होतं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "कदाचित खरा चेहरा हाच असेल."

आजींनी चाकाचा ब्रेक स्वतःच चाचपून सोडवला.

"मला माहीत आहे तो हाच असेल," त्या म्हणाल्या. "तो मला दिसू नये म्हणून तर ती बाई पेन्सिल चोरत होती. काढ ते. आणि तूही जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सला सांगून माझी ड्यूटी बदलून घेतली. मी तोंडाने म्हणत राहिले की बदलू दे, मला काय. समोरच्या खोलीतल्या आजोबांची दाढी करताना उघड्या दारातून त्या दिसायच्या. मांडीवर तो पुठ्ठा, आणि कागद हळूहळू डोळ्यांभोवती फिरवताहेत, भिंगाशिवाय, एकेक कोपरा.

त्या आठवड्यात घरी फोन लावला. आम्ही पाच जणी राहतो त्या बेसमेंटमध्ये त्यासाठी एक जागा आहे. वॉशिंग मशीनच्या बाजूला, भिंतीवर निळी चादर ताणलेली, समोर टेबललँप. आम्ही पाचही जणी घरी व्हिडिओ कॉल तिथूनच करतो. मागे पाइप दिसत नाहीत, गाद्या दिसत नाहीत, आणि त्या दिव्यात माणूस खाल्ल्यापिल्ल्यासारखं दिसतं. ही तुलना नाही. कुठे ते, कुठे आम्ही. पण त्या संध्याकाळी लँप सरळ करताना माझा हात थांबला.

पलीकडे आई. कांडी मशीनवरून, मागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता उठून आलेली, केसांत सुताचे तंतू. तरी चेहरा कसा गुळगुळीत, तुकतुकीत.

"जेवलीस काय?" आई म्हणाली. "वाळलीस की गं."

"नाही वाळले. तूच बघ की, अशी कशी दिसतीस?"

"कशी दिसतोय?"

"मेणासारखी. वहिनीच्या फोनला तो फिल्टर चालू असणार. बंद करायला सांग."

"राहू दे की. बरी दिसतोय मी त्यात."

"आई, मला तू दिसत नाहीस. चार वर्षं झाली. बंद कर म्हणते ना."

आई हसली नाही. "तुला तिथं बसून काय करायचंय माझ्या सुरकुत्या बघून? येऊन दोन दिवस राहणार आहेस? मग राहू दे. जेव नीट. डाळीत तूप घाल."

फोन ठेवला. वॉशिंग मशीनच्या कडेला बसून राहिले. मला तिचा गाल बघायचा होता, खरा, उजवीकडे तीळ आहे तो, उन्हाळ्यात कांडी भरताना घामाने चमकतो तो. कांडी मशीनची खडखड चालू असायची, तिच्या पाठीला टेकून मी अभ्यास करायची, आणि धडा पाठ झाला की ती मान न वळवता गाल पुढे करायची, पापा घ्यायला. फिल्टरमध्ये तीळसुद्धा पुसला गेला होता. माझा खरा पत्ता, खरं अंथरूण मी तिला दाखवत नाही, आणि तिच्याकडे मात्र हक्काने खरं मागत होते. आणि गंमत अशी, की फोन ठेवल्यावर डोळ्यांसमोर राहिली ती मेणाची आईच, आणि तीही मला सोडवेना.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी आजींच्या दारात उभी राहिले. खाकरले.

"घसा अजून बरा झाला नाही वाटतं," आतून आवाज आला.

"माझं चुकलं. स्कॅनरचं नाही, माझंच."

"हो."

"मला पुन्हा करू द्या. फोनवर नाही. लायब्ररीत चांगला स्कॅनर आहे, काचेवर ठेवायचा. तो पुसत नाही. पण त्यासाठी हा कागद बाहेर न्यावा लागेल."

रहिवाशांची कुठलीही वस्तू बाहेर नेणं म्हणजे नोकरी जाणं. हे आजींना माहीत होतं, मलाही. त्यांच्या भीतीपुढे माझी नोकरी काही नव्हती. हा कागद हरवला तर त्यांच्या आईला चेहराच उरणार नव्हता. त्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बसल्या. बाहेर कुणाचं तरी बर्फ काढायचं फावडं फुटपाथवर घासत होतं, ते थांबेपर्यंत बसल्या.

"सोबत बिस्किटं, कॉफी काही न्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "बसमध्ये झोपायचं नाही. उद्या नाश्त्याच्या आधी इथे."

मी तो पुठ्ठा युनिफॉर्मच्या आत, बनियनवर बांधला, वर स्वेटर, वर जाकीट. बसमध्ये बसलेच नाही, उभी राहिले. कुणी धक्का दिला तर मराठीत शिवी हासडणार होते.

लायब्ररीत मी काचेवर कागद ठेवला. पांढरं करा, साफ करा, ठळक करा, ही सगळी बटणं एकेक करून बंद केली. माझ्या हाताला सवय नव्हती. जे आहे ते, मळासकट, डागासकट, फिकट तर फिकट. पडद्यावर चेहरा आला. मी मोठा केला, आणखी मोठा केला. गालावर आले तेव्हा त्या राखाडी सावलीत बारीक वळणदार रेघा दिसल्या, एकाआड एक. आधी वाटलं कागदाचे धागे असतील. मग माझ्याच अंगठ्याकडे बघितलं.

बोटाचा ठसा होता. गाल घासताना उमटलेला. त्या बाईनं सही केली नव्हती, नाव ठेवलं नव्हतं, आणि तरी ती गालावर पूर्ण उमटली होती. मी लायब्ररीत रडत नाही, मला तसले प्रकार आवडत नाहीत. त्या दिवशी बाजूच्या माणसाने माझ्याकडे टिश्यूचा डबा सरकवला.

सकाळी नाश्त्याच्या आधी पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्यांनी रबरबँड सोडून बोटांनी कडा चाचपल्या, मग ठेवला. दुपारी मी नवे सोळा कागद लावले. या वेळी मी बघा म्हटलं नाही.

आजींनी मान वळवली. खुर्ची मीच हळूहळू सरकवत गेले, त्या सांगतील तशी, डावीकडे, पुढे, जरा मागे. पुरा चेहरा एकदम त्यांना दिसला नाही. तो दिसणार नव्हताच. मला वाटत होतं मोठं केलं की दिसेल, पण जेवढं मोठं केलं तेवढा तो त्यांच्या कडेबाहेर गेला. हे मला आधी कळायला पाहिजे होतं. त्या रागावल्या नाहीत. एका कागदापाशी थांबल्या. उजवा गाल.

"इथे," त्या म्हणाल्या. "हा येतोय."

मी त्यांना ठशाचं सांगितलं. त्यांना त्या रेघा दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी हात लावला, कागद गुळगुळीत, काय लागणार? तरी हात काढला नाही.

"म्हणजे त्या दोघी इथे एकदम आहेत," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाकीचे काढ. हा एक ठेव. उशीच्या बाजूला, मी कुशीवर असते तेव्हा येईल असा."

मी पंधरा कागद काढले. एक उशीजवळ भिंतीला लावला. कुणीही बघितलं तर नुसता राखाडी कागद, कडेला जरा गडद. त्यांची ड्यूटी पुन्हा माझ्याकडे आली. रोज सकाळी त्या कुशीवर वळून भलतीकडे नजर लावून पडून राहायच्या. मी पडदा उघडायची आणि विचारायची, "आली का?" कधी "आली" म्हणायच्या. कधी म्हणायच्या, "ढगाळ आहे आज, दुपारी येईल." मग दुपारी मी मुद्दाम चक्कर मारायची.

मार्चमध्ये मी सुट्टीनंतर कामावर आले तर भिंत रिकामी. आजींचं तोंड भिंतीकडे. नव्या मुलीनं खोली आवरताना तो फेकला होता. तिचा दोष नाही; तिला वाटलं, प्रिंटर बिघडल्याचा कागद कुणीतरी चिकटवलाय. तिला तरी कोण सांगणार, तिची तर तिथली दुसरीच शिफ्ट. मी मॅनेजरला मात्र सांगितलं, आणि शांतपणे सांगितलं नाही.

फाइल माझ्याकडे होती. नवा कागद छापून आणला, त्याच उंचीवर लावला. मग मार्कर घेऊन खाली इंग्रजीत, सायकलवरून वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं.

"मार्करचा वास येतोय," आजी म्हणाल्या. "माझ्या आईवर काय लिहितेस?"

"आईवर नाही, खाली. लिहिलंय: हा कागद कोरा नाही. हा गाल आहे. काढू नये."

"उद्गारचिन्ह दिलंस?"

"तीन."

"एक ठेव," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. "आणि तिकडे उभी राहू नकोस, उजेड अडवतेस."